बारा बैलांची मोटार आणि एक टिपाड पाणी

सव्वाशे बायकांचं दिवसभराचं पिण्याचं पाणी मी एकदा एका मोटारीला पाजलं. ते पिऊन मोटार मेली. एवढं एका दमात लिहून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं मला माझी बाजू मांडायचा मोह होणार नाही. बाजू नव्हतीच. नायलॉनची साडी होती, काळा चष्मा होता, मॅट्रिकचं सर्टिफिकेट होतं आणि सतरा वर्षांचं डोकं होतं, ज्यात वरच्या तीन वस्तू सोडून चौथं काही नव्हतं. पाणी कुणाचं आहे हे मला ठाऊक होतं. ते वाटणारी कोण आहे हेही ठाऊक होतं. तरी पाजलं. आता बसा निवांत, सांगते.

मी आबांच्या घरी वाढले. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. आईवडील मी चालायला लागायच्या आतच गेले, तेव्हा आबांनी आणि काकीनं मला ठेवून घेतलं आणि लाड इतके केले की त्याची फळं पुढं सगळ्या गावाला भोगावी लागली. आमचं गाव नेकनूर आणि चौसाळ्याच्या मधल्या माळावर. त्या दुष्काळात माळ असा उघडाबोडका पडला होता की लांबून येणारा पाहुणा निम्म्या वाटेवर असतानाच काकी चहाचं आधण ठेवायची, आणि पाहुणा नको असलेला निघाला तर उतरवायलाही वेळ मिळायचा. घरात मिलोची लाल भाकरी. मिलो म्हणजे अमेरिकेची ज्वारी, बोटीतून आलेली. थापताना भाकरी कडेनं फाटायची, तेव्हा काकी म्हणायची, "परदेसी हाय ती, आपल्या हाताची सवय न्हाई तिला." ताटात भाकरीच्या कडेला लसणाची चटणी आणि वर कारळाच्या तेलाची धार, जी रोज थोडी थोडी बारीक होत गेली. आणि दिवसभर एकच आवाज: वरच्या माळावर दुष्काळी कामावरच्या बायका खडी फोडायच्या, त्या हातोड्यांचा. ठक ठक ठक. शंभर-सव्वाशे हातोडे, पण दोन कधी एकदम पडायचे नाहीत. पहिले काही दिवस त्या आवाजानं डोकं उठायचं. नंतर तो थांबला की चुकल्यासारखं व्हायचं.

अशा त्या मुलखात आबा साखर कारखाना काढत होते. सहकारी, आणि नियोजित. 'नियोजित' हा शब्द मी सगळ्यात आधी वाचायला शिकले असेन, कारण फाट्यावरच्या पाटीवर तो कारखान्याच्या नावापेक्षा मोठा लिहिला होता. ऊस नव्हता. उसाला पाणी नव्हतं. पण माजलगावला धरण होणार होतं, त्याचा कालवा आबांच्या मते आमच्या दारावरून जाणार होता, आणि नकाशात नसला तरी आबांच्या बोटात तो होता; धोतराच्या सोग्यावर बोट फिरवून ते कालव्याचं वळण दाखवायचे. सभेच्या दिवशी बागायती मुलखातून उसाची एक मोळी यायची. पाहुण्यांच्या मागं ती उभी करून फोटो काढायचा. मग तीच मोळी पोत्यात गुंडाळून पुढच्या सभेपर्यंत ठेवायची. शेवटी शेवटी ती इतकी वाळली होती की फोटोत ऊस कुठला आणि मंडपाचा बांबू कुठला हे फोटोग्राफरला विचारावं लागायचं.

गावची पाणीपुरवठा सोसायटीही आबांचीच. गावाखालच्या विहिरीला तळाशी अजून पाणी होतं, पण ते इतकं खोल की पोहरा वर यायला अख्खा एक अभंग म्हणून व्हायचा. म्हणून सोसायटीनं ठरवलं, ऑइल इंजिन बसवायचं. हैदराबादला कुण्या जहागीरदाराच्या देवडीतलं सामान विकायला निघालं होतं, त्यात पाण्याची इंजिनं आहेत असं कळलं. आबा गेले. आठ दिवसांनी परत आले ते ट्रकमधून, आणि ट्रकवर ताडपत्रीखाली काहीतरी लांबलचक झोपलेलं होतं. ताडपत्री निघाली. खाली होती एक डाळिंबी रंगाची मोटार.

"आबा, इंजिन आनाया गेलता न्हवं?" सोसायटीच्या सचिवानं विचारलं.

"आनलंय की," आबा म्हणाले आणि मोटारीच्या त्या भल्या लांब तोंडावर थाप मारली. "बारा सिलिंडरचं हाय. तुमी एकाचं म्हनला व्हता."

सचिवानं मोटारीला एक प्रदक्षिणा घातली, खाली वाकून बघितलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "पर ह्याला पट्टा कुटं बसवायचा?"

ती मोटार कशी होती हे सांगायला मला अजून आवडतं, त्याला काय करणार. तिचं निम्म्याहून जास्त अंग म्हणजे नाक. पुढं लांब, उतरतं, मांजर दबा धरून बसल्यावर दिसतं तसं. बसायची जागा पार मागच्या चाकांना टेकलेली, जशी कुणीतरी मागून हाक मारल्यावर आठवणीनं लावलेली. छप्पर इतकं बुटकं की आबांना फेटा काढून मांडीवर घ्यावा लागे. सीट दोन. त्यांच्या मागं आणखी एक फळकुट होतं, कातडं मढवलेलं, त्यावर एखाद्याचं पाप बसू शकलं असतं, माणूस नाही. चाकांना सायकलीसारख्या तारा. आत शिरलं की कातड्याचा, पेट्रोलचा आणि कुठल्या तरी जुन्या अत्तराचा वास. माझा नातू पुण्यात मोटारींची चित्रं काढायची नोकरी करतो. परवा त्यानं मला फोनवर तसल्याच एका मोटारीचा फोटो दाखवला आणि म्हणाला, आजी, हे प्रमाण बघ, इंजिन पुढच्या चाकांच्या मागं सरकवलंय म्हणून नाक लांब, वजन बरोबर मध्यावर. सांगताना त्यानं डोळे पुसले. मी म्हटलं, बाळा, तिच्या पायी आमच्याकडेही लोक रडलेत, पण प्रमाणासाठी नाही.

इंजिन पुढं का, यावर सोसायटीच्या ओट्यावर एक आख्खी दुपार गेली. लातूरला राहून आलेल्या एकानं सांगितलं की आताच्या नव्या विलायती गाड्यांना इंजिन पाठीमागं असतं. त्यावर एक म्हातारा म्हणाला, "बैल मागं बांधून गाडी चालवतोस का बे? मग सासरवाडी मागं ऱ्हायली आसंल तुजी." वाद मिटला. काकीनं मात्र वाकून आत पाहिलं, पुढं पाहिलं, आणि स्वतःचा निकाल दिला: "इस्तू पुढं, बसनारी मागं. चुलीवानी हाय. कुन्या बाईनंच बांधली आसंल."

मोटार बघायला बीडहून रशीद मिस्त्री आले. पंचक्रोशीतली सगळी ऑइल इंजिनं त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यांनी ते लांब नाक उघडलं, आणि कुणी दर्ग्यात शिरताना करावी तशी डोक्यावरची टोपी नीट केली. दोन ओळींत सहा-सहा सिलिंडर, आणि मधल्या बेचक्यात सहा कार्बोरेटर बसलेले, एका पंगतीत जेवायला बसल्यासारखे. मिस्त्रींनी ते एकेक करून ऐकले. होय, ऐकले, रबराची नळी कानाला लावून. एकाचा श्वास कमी, एकाचा जास्त. तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी ती सुरू झाली तेव्हा गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं. तसला आवाज मी आधी ऐकला नव्हता. आधी घोगरा, मग वर चढत चढत जरीचं कापड फाडावं तसा. मी त्या क्षणी ठरवलं की माझा जन्म चुकून इथं झालेला आहे.

"चेरमन साब," मिस्त्री म्हणाले, "बारा बैल जोते है इसमें. मगर ये गाडी चलने के वास्ते नै, दौडने के वास्ते बनी है. लोगाँ बोलते, इटली में मियाँ-बीवी इसमें बैठे तो नाश्ता एक मुलुक में और खाना दुसरे मुलुक में."

"आन् भांडी कोन घासतं?" काकीनं आतून विचारलं.

"इसकू सामने से हवा लगी तोच ठंडी रहती," मिस्त्री आबांना बजावून सांगत होते. "धीमे चलाए तो गुस्सा आता इसकू. पानी उबलता. याद रखो."

आबांनी मान हलवली. आबा सगळ्यांचंच ऐकून मान हलवायचे, म्हणून तर ते चेअरमन होते. पण मोटार त्यांनी आयुष्यात एकदाही पळवली नाही. एक तर दुसरा गिअर त्यांना कधी सापडला नाही. दुसरं म्हणजे पळवली तर लोकांना दिसणार कशी? काट्यावर तीनशेपर्यंत आकडे होते, आबा पंधराच्या पुढं गेले नाहीत. वरातीच्या चालीनं फाट्यापर्यंत जायचं, पाटीला वळसा घालायचा, परत यायचं. दर फेरीला मिस्त्रींनी सांगितलेला तो राग तिच्या नाकातून वाफ होऊन निघायचा आणि आबा म्हणायचे, दमलीया. समोरच्या घड्याळांवर इटालियन शब्द होते: अक्वा, ओलिओ, बेन्झिना. आबांनी मला विचारलं, शकू, तुला विंग्रजी येतं, काय लिहिलंय? मी चष्मा वर केला, वाचलं, आणि ठामपणे सांगितलं की ही बहुतेक कंपनीच्या मालकाच्या मुलींची नावं असणार. आबांना ते इतकं पटलं की पुढं ते प्रत्येकाला सांगायचे, तीन लेकी हायत बिचाऱ्याला. ती नावं म्हणजे पाणी, तेल आणि पेट्रोल, हे मला परवा नातवानं सांगितलं.

आणि मग साहेब यायचं ठरलं. मुंबईचे साहेब. कारखान्याचं 'नियोजित' पुसायचं की नाही हे त्यांच्या एका सहीवर होतं. चौसाळ्याला हमरस्त्यावर त्यांना उतरवून घ्यायचं, तिथून मोटारीत बसवायचं आणि दुष्काळी कामावरून, माळावरून, कारखान्याच्या जागेपर्यंत आणायचं असा बेत. जागा दोन. एक आबांना, एक साहेबांना. मागच्या फळकुटावर तिसरा कोण, यावर घरात दोन दिवस खल झाला. रशीद मिस्त्री म्हणाले, मैं बैठता. पण साहेबांशी इंग्रजी कोण बोलणार? शेवटी ज्याला मोटार कळत होती त्याला घरी ठेवलं आणि जिला इंग्रजी येत होतं तिला घेतलं. आबांच्या सगळ्या संस्था याच पद्धतीनं चालायच्या. साहेब पुण्याच्या सदाशिव पेठेतले निघाले आणि दिवसभर शुद्ध मराठीत बोलले, तो भाग वेगळा.

मी नायलॉनची साडी नेसले, आबोलीच्या रंगाची. चष्मा लावला. मागच्या डिकीत, जिथं इटलीतली नवरा-बायको म्हणे आपापली बॅग ठेवतात, तिथं कार्यक्रमासाठी गोटी सोड्याच्या बाटल्यांचे दोन खोके आणि काकीनं केलेल्या लिंबाच्या सरबताची मोठी अॅल्युमिनियमची किटली ठेवली होती. मी गुडघे हनुवटीला लावून फळकुटावर बसले. चौसाळ्यात गर्दी जमली होती. आता ही मोटार इटलीची, तिचं सुकाणू डाव्या हाताला. लोकांना काय ठाऊक? त्यांच्या हिशेबानं उजवीकडं बसतो तो ड्रायव्हर. त्यांनी आबांच्या गळ्यात सगळे हार घातले आणि साहेबांना म्हणाले, "डायव्हरसाहेब, गाडी वाईच पुढं घ्या, म्हाताऱ्या मानसाला उनात बसवू नका." आबांनी हार काढले नाहीत. मला वाटतं तो त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा दिवस होता, सकाळी साडेनऊपर्यंत.

माळावर रस्त्याचंच काम चाललेलं. एका कडेला डबराचे ढीग, दुसऱ्या कडेला खडीचे ढीग, आणि मधल्या कच्च्या वाटेनं आबा आपले पहिल्या गिअरमध्ये, लोकांना नमस्कार करत. खालून दगड खडखडत होते. 'अक्वा' नावाच्या थोरल्या मुलीचा काटा पार उजव्या कडेला जाऊन टेकला होता, ते मी बघत होते आणि ती वयात आली असं काहीसं मनाशी म्हणत होते. मग वाफ आली. साधीसुधी नाही, भात उतू जातो तशी. मोटार थरथरली आणि बरोबर खडी फोडणाऱ्या बायकांच्या समोर उभी राहिली. हातोडे थांबले. मागून आलेल्या सरकारी जीपमधून दोन कारकून उतरून हसू दाबत उभे राहिले. आबांचा चेहरा हारांच्या मागं काळवंडला. ते म्हणाले, "शकू, पानी आन. पळ."

पाणी एकाच जागी होतं. बाभळीच्या तुटक सावलीला एक लोखंडी टिपाड, वर ओलं पोतं. पहाटे बैलगाडी ते भरून टाकायची, दुसरी खेप संध्याकाळी. सव्वाशे बायकांना दिवसभर तेवढंच. टिपाडाशी डाव घेऊन बसली होती कौशी.

कौशी आणि मी एका पाटीवर अक्षरं गिरवली होती. तिनं दुसरीतनं शाळा सोडली, मी सोडली नाही, एवढाच आमच्या हुशारीतला फरक. ती सातव्या महिन्याची होती. खडी फोडणं होईना म्हणून मुकादमाच्या हातापाया पडून तिनं पाणी वाटायचं काम मिळवलं होतं. हजेरी तीच, काम सावलीतलं. त्या कामासाठी आणखी दोघी टपून होत्या. हे सगळं मला काकीनं सांगितलेलं होतं, म्हणजे अजाणता घडलं असं म्हणायचीही सोय नाही.

मला बघून ती हसली. "शके! अगं, काय गं ही साडी!"

साहेब दहा पावलांवर उभे होते. मी चष्म्यातून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अहो बाई, जरा पाणी हवंय. गाडीला."

हे वाक्य लिहिताना या वयात माझे कान तापले. अहो बाई!

कौशीचं हसू हळूहळू गेलं. "किती?"

"सगळं लागेल बहुतेक."

"दिसभराचं हाय गं ते. मागं कायबी न्हाई."

"आबांनी सांगितलंय," मी म्हणाले.

तिनं पोतं बाजूला केलं आणि डाव माझ्या हातात दिला. मी बादल्या भरल्या. आबांनी नाक उघडलं. आता रेडिएटर कुठं, इंजिन कुठं, मला काय कळणार. मला एवढं कळलं की ही तापलीय. आणि ताप आलेल्याच्या कपाळावर गार पाणी ठेवतात. मी पहिली बादली त्या बारा बैलांच्या डोक्यावर ओतली, मग दुसरी, मग तिसरी. फसफसून पांढरा ढग उठला, बायका ओरडल्या, साहेबांनी रुमाल नाकाला लावला, आणि त्या ढगात कुठंतरी एक बारीक, स्वच्छ आवाज झाला. टण्ण. मी समजले, बरं वाटतंय तिला. उरलेलं पाणी आबांनी टोपण काढून आत ओतलं, ते खालून वाटेवर आलं आणि भेगाळलेल्या मातीनं एका घोटात पिऊन टाकलं.

रशीद मिस्त्रींनी नंतर तडा बघितला तेव्हा ते ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "बेटी, कभी खापर पे रोटी नै डाली क्या?" आणि काकी दारातून म्हणाली की तापल्या खापरावर गार पानी पडलं तर तडकतं हे पाळन्यातल्या पोरीला म्हाईत आसतं, पर आमची मॅट्रिक हाय.

मोटार काही उठली नाही. साहेब जीपमध्ये बसले. पाय लांब करता आले म्हणून त्यांच्या तोंडावर पहिल्यांदाच समाधान दिसलं. आबा हार सावरत त्यांच्या मागं चढले आणि मला म्हणाले, "तू मोटारीजवळ ऱ्हा. कुनाला हात लावू देऊ नगं." जीप गेली. मी आत जाऊन साहेबांच्या सीटवर बसले आणि दार लावून घेतलं.

थोड्या वेळानं बायका पाणी प्यायला येऊ लागल्या. लोटे घेऊन, पदरानं तोंड पुसत. टिपाड वाजलं. रिकामं टिपाड वाजतं तेव्हा लांबपर्यंत कळतं. मग कामाच्या पार दुसऱ्या टोकाकडून मुकादम आला, खाकी टोपीतला, बोलण्याआधी खाकरणारा.

"पानी कुटं गेलं गं?"

कौशी खाली पडलेलं पोतं उचलून झटकू लागली.

"कावून बोलंना? दहा न्हाई वाजले आन् टिपाड कोरडं? इकलंस का काय?"

"सांडलं," कौशी म्हणाली. "माज्या हातनं कलंडलं."

मी ऐकलं. मोटारीची काच खाली होती, तिचा शब्द न् शब्द मला ऐकू आला. आणि मी काय केलं? मी खाली सरकले. इटलीवाल्यांनी ती सीट अशी काही बांधलेली होती की माणूस त्यात जवळजवळ झोपतोच. थोडं आणखी सरकलं की डोकं दाराच्या खाली जातं. समोर ते लांब नाक, बाजूला दार, वर बुटकं छप्पर. कुणाला पत्ता लागणार नाही की आत कुणी आहे. मला त्या क्षणी त्या मोटारीची ठेवण फारच सोयीची वाटली. कातडं उन्हानं पोळत होतं, नायलॉन अंगाला चिकटत होतं, आणि मी पायापाशी पडलेल्या झेंडूच्या पाकळ्या बघत होते.

"कलंडलं? दोन मानसांला हालत न्हाई ते टिपाड, आन् तुज्या हातनं कलंडलं?" मुकादम म्हणत होता. "उद्यापसनं खडीवर बस. पानी दुसरी वाटंल."

"मामा, माजे दिवस…"

"दिवस सगळ्यांचेच हायत."

एक म्हातारी मध्ये पडली, दुसरी ओरडली की आता संध्याकाळपातूर काय थुकी गिळायची का, कुणीतरी कौशीलाच शिव्या घातल्या. पाणी कुठं गेलं ते समोरच्या सगळ्या जणींनी पाहिलं होतं, पण चेअरमनच्या पुतणीचं नाव मुकादमासमोर घेणार कोण? आणि मी पाकळ्या बघत होते. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मनात म्हणत होते, आता गप्प होतील. मग म्हणाले, मुकादम जाऊ दे, मग उतरते. मग म्हणाले, आबा आले की त्यांना सांगते. आत बसून मी इतके बेत केले, की आबांची एक सोसायटी त्यावर चालली असती.

शेवटी उतरले. त्या मोटारीतून उतरणं ही साधी गोष्ट नव्हती. आधी पाय बाहेर टाकायचे, मग लोळण घेऊन अंग. साडीचा काठ दारात अडकला आणि फाटला. मी सव्वाशे बायकांसमोर दोन हातांवर रांगत बाहेर आले.

"पाणी मी घेतलं," मी म्हणाले. "गाडीला ओतलं. हिनं नाही सांडलं."

मुकादमाची टोपी डोक्यावरून हातात आली. "ताईसाहेब! तुमी घेतलं व्हय? मग काय झालं? पानी तुमचंच हाय." आणि कौशीकडं वळून, "सांगायला काय झालं व्हतं बे तुला?" बाईमाणसाला 'बे' म्हणणारा तो मी पाहिलेला एकटाच. चोरी कबूल केली तर चोरीचं मानपत्र मिळावं तसं झालं. शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग मात्र मी आबांचं नाव जन्मात पहिल्यांदा चांगल्या कामाला लावलं. मुकादमाला सांगितलं, सायकल काढा, गावात जा, बैलगाडी आत्ता जुंपून घेऊन या, चेअरमननी सांगितलंय. आणि हिचं काम बदललं तर चेअरमननी आणखीही सांगितलंय. तो गेला. मी डिकी उघडली. साहेबांचं सरबत डाव-डाव करून कौशीनं वाटलं. तिच्या हाताला माप होतं, शेवटच्या बाईपर्यंत पुरलं. सोड्याच्या गोट्या मी अंगठ्यानं दाबल्या, दोघी-तिघींत एक बाटली. त्या बायकांनी सोडा आधी कधी प्यायला नव्हता. पहिली ढेकर आली त्या म्हातारीनं घाबरून तोंडावर हात ठेवला, आणि मग सगळा माळ ढेकरांनी आणि हसण्यानं भरून गेला. कौशी हसली नाही. ती शांतपणे टिपाडावर पोतं नीट करत होती.

आबा माझ्यावर मोटारीसाठी रागावले नाहीत. सोड्यासाठी रागावले. साहेबांना जागेवर घोटभर काही मिळालं नाही आणि ते सही न करताच गेले, असं त्यांचं मरेपर्यंत म्हणणं होतं. मोटार बैल जुंपून घरी ओढत आणली, दोनच लागले. पुढं गोठ्यात तिच्या कातड्याच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या, आणि रशीद मिस्त्री कधी आले तर त्या बंद पडलेल्या नाकावरून नुसता हात फिरवून जायचे. पाटीवरचा 'नियोजित' उन्हानं फिका पडला, तेव्हा आबांनी तो पुन्हा रंगवून घेतला.

कौशीचं काम राहिलं. मुलगी झाली. मी डिंक, खारीक, काकीनं कुठूनतरी मिळवलेलं वाटीभर तूप असं घेऊन तिच्या घरी गेले. चार-पाच बायका बसल्या होत्या, त्यातल्या दोघी माळावरच्या. मग काय, मी सुरू झाले. मुकादमाला कसं फैलावर घेतलं, मोटारीतून कशी ताडकन उतरले, कसं ठणकावून सांगितलं की पाणी मी घेतलंय. रांगत आले ते गाळलं. फाटलेला काठही गाळला. बायका माना हलवत होत्या. एकजण म्हणालीही, लई धीराची हाय शकूताई. कौशी पोरीला मांडीवर घेऊन तेल लावत होती. बायका उठून गेल्या. तिनं पोरीची मूठ उघडून तळहाताला तेल लावलं, दुसऱ्या हाताला लावलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली:

"शके, तू खाली सरकलीस ते मला दिसलं व्हतं. तुजा आंबाडा दिसत व्हता खिडकीतनं. मी मनात शंभर मोजले. न्हाई उतरलीस. म्हनलं, शाळा लवकर सुटली माजी, मोजायला चुकले आसंन. म्हनून परत एकापसनं मोजले."